कलर मास्टरची फिकी पाटी

टॅब्लेट पहिल्यांदा चालू केला तेव्हा बायको म्हणाली, "हाई ते इटेल लुगडागत दिसी ऱ्हायनं." धुऊन धुऊन विटलेल्या लुगड्यासारखं दिसतंय म्हणे. मुलीने सावरून घेतलं, की याला ई-इंक म्हणतात, तो कागदासारखा दिसतो आणि त्यावरचे रंग असेच मवाळ असतात. बायकोला ते पटलं नाही. जन्मभर रंगात हात घालणाऱ्या माणसाने विटका रंग विकत का आणावा, असं तिने विचारलं.

प्रश्न चुकीचा नव्हता. सुरतेजवळ पलसाण्याच्या एका डाईंग मिलमध्ये मी कलर मास्टर आहे. व्यापारी कापडाचा तुकडा देतो, त्याच्याशी तंतोतंत जुळणारा रंग बनवायचा, हे माझं काम. कोणता रंग किती घातला ते मी वहीत मराठीत लिहितो आणि शेजारी कापडाची चिंधी चिकटवतो. वाफेने आणि घामाने त्या वह्यांची पानं गळायला लागली होती. शिवाय मोबाइलवर चार पानं वाचली की माझ्या डोळ्यांतून पाणी येतं, आणि सुरतेत मराठी पुस्तकं मनासारखी मिळत नाहीत. म्हणून आणला. कोणाला विचारून नाही आणला, हेही खरं.

मला तो आवडला. पेन टेकवलं की कागदावरच्यासारखी खरखर होते. पान उलटताना स्क्रीन क्षणभर काळी पडते, मागच्या पानाची पुसट सावली राहते, घाईच्या माणसाचं हे कामच नाही. पण गोडादऱ्याच्या घरून सकाळी मिलच्या बसमध्ये खिडकीशी बसलं की उन्हात अक्षर उलट जास्तच ठळक दिसतं. बसमधले म्हणायचे, मास्टर पाटी घेऊन शाळेत निघाले. म्हणेनात का. ज्यांना वाचायचं नाही त्यांनी हसावं, तेवढं तरी त्यांना जमतं.

मग माझ्या हातून घोडचूक झाली. हौसेने मी वहीतल्या रेसिपी टॅब्लेटवर उतरवल्या होत्या आणि चिंध्यांचे फोटोही काढून घेतले होते. एका जुन्या व्यापाऱ्याची राणी रंगाची ऑर्डर पुन्हा आली. नमुन्याची चिंधी वहीत, आणि वही घरी. मी टॅब्लेट उघडला. त्यातल्या फोटोपुढे आमचा ताजा नमुना भडक वाटला, म्हणून मी रंगाचं प्रमाण कमी केलं. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवून 'असाच रंग पाहिजे' म्हणणाऱ्या व्यापाऱ्यांना मी कितीदा तरी झापलंय, की रंग कापडावर बघायचा असतो, काचेवर नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय. अख्खा लॉट फिका निघाला.

मॅनेजर माझ्याहून बराच लहान आहे. माणूस वाईट नाही. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "मास्टर, हवे उंमर थई. आ आंखनुं काम छे." वय झालं, हे डोळ्याचं काम आहे. मग त्याने फोल्डिंग खात्यात, कापडाच्या घड्या घालतात तिथे, बसून करायचं काम सुचवलं. रंग दुसरं कोणी बघेल म्हणाला. दुपारपर्यंत मिलभर झालं, मास्टरचा डोळा गेला. मला राग आला आणि भीतीही वाटली. कलर मास्टरचा डोळा गेला असं एकदा लोक बोलायला लागले की त्याला दुसरी कुठली मिलही दारात उभं करत नाही.

रात्रभर मी तळमळलो नाही, खोटं कशाला सांगू, जेवून झोपलो. सकाळी मात्र बाजूला न जाता सगळ्यांसमोर सांगितलं, की मी चिंधी सोडून टॅब्लेटवर रंग बघितला, चूक माझी आहे. डोळ्याचं म्हणत असाल तर आत्ता तपासा.

मॅनेजरने राणी रंगाच्या वेगवेगळ्या लॉटमधून आठ तुकडे कापून आणले आणि मागे ज्या त्या थानाचा, म्हणजे ताग्याचा, नंबर टाकला. आमच्या धंद्यात रंग जुळवायचा तो उत्तरेच्या उजेडात. ऊन अंगावर नको आणि ट्यूबलाइटही नको. मी उत्तरेच्या दारात उभा राहिलो. फिक्यापासून गडदपर्यंत तुकडे ओळीने मांडले. दोन तुकडे हातात राहिले. ते पुन्हा पुन्हा फिरवून पाहिले. मागे कामगार उभे होते. शेवटी ते दोन एकावर एक ठेवले आणि म्हणालो, हे एकाच थानाचे आहेत.

त्याने तुकडे उलटवले. ओळ बरोबर होती. त्या दोन्ही तुकड्यांचा नंबरही एकच निघाला. त्याने ते मुद्दाम घातले होते.

त्याने तुकडे गोळा केले. मग म्हणाला, ठीक आहे, पण ही पाटी उद्यापासून घरी ठेवा. मी त्याला गुजरातीत उत्तर दिलं, इथे मराठीत लिहितो. "साहेब, डोळा गेला असता तर तुमच्या आधी मी सांगितलं असतं. रंग मी कापडावरच बघेन, हा माझा शब्द. पण मी काय वाचायचं आणि कशावर लिहायचं, ते मी ठरवणार."

तो आत निघून गेला. मी टॅब्लेटवरचे चिंध्यांचे फोटो एकेक करून पुसले आणि रेसिपी तेवढ्या ठेवल्या. जेवणाच्या सुट्टीत तिथेच दारात, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा बसलो आणि पुस्तक उघडलं. मुखपृष्ठ फिकं दिसत होतं. दिसू दे म्हटलं. भोंगा होईपर्यंत वाचलं, कोणी हटकलं नाही. मग उठलो, कमी पडलेला रंग मोजून घेतला, आणि तो लॉट माझ्याच हातून पुन्हा मशीनवर चढला.