अंगणातली पांढरी गाडी

"रंग लय चुगलखोर असते, भाऊ," असं म्हणत मावशी डोळे मिटून गाडीच्या पत्र्यावर तळहात फिरवायच्या. "आत काय दडवलं, ते वरून सांगून देते." मग एखाद्या जागी तळवा थबकायचा. मला तिथे काहीच दिसत नसे, पण त्या पुन्हा पॉलिश पेपर पाण्यात बुडवून घासायला बसायच्या.

शेगावात त्यांचं घर माझ्या घरासमोर. त्यांचे यजमान टॅक्सी चालवत. स्टेशनवर उतरलेल्या भाविकांना दर्शन झालं की लोणार दाखवून आणत. गाडी जुनी, पण कधी कुणाकडे रंगवायला दिली नाही. दोन-तीन वर्षांनी स्वतःच अंगणात स्प्रे गनने रंग मारायचे, आणि मागे गनची नळी धरायला मावशी. तुम्हीही अशी जोडपी पाहिली असतील. दिवसभर एकमेकांवर खेकसत असतात आणि एकाचं काम दुसऱ्यावाचून होत नाही.

एके दिवशी खामगावच्या रस्त्यावर, गाडी चालवत असतानाच त्यांना लकव्याचा झटका आला. गाडी झाडावर गेली. बरं की आत दुसरं कोणी नव्हतं. दवाखान्यातून ते घरी आले, तेव्हा उजवं अंग गेलं होतं आणि वाचाही. गाडी ओढून आणली. तिची डावी बाजू पार चेपली होती.

ओसरीवरच्या खाटेवरून ते दिवसभर गाडीकडे बघत पडून असायचे. भंगारवाला विचारून गेला, त्या दिवशी जेवले नाहीत. मग गॅरेजवाला गाडी न्यायला आला, तर त्यांनी चांगल्या हाताने मावशींचा पदर धरला आणि काही केल्या सोडला नाही. फाटकाबाहेर गेली की गाडी परत येणार नाही, असं त्यांच्या मनाने घेतलं असावं.

मावशींनी गॅरेजवाल्याला चहा दिला. "दादा, तुमी इथंच पत्रा ठोकून सरय करून द्या. बाकीचं मी पाहतो."

"तुमी? रंग मारसान?"

"हाव. इतके वर्ष नळी धरली, ते काय उगीच?"

पत्रा सरळ झाला आणि मावशी कामाला लागल्या. खड्ड्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, सुकू द्यायची, घासायची, पुन्हा भरायची. लांबीची भुकटी उडून शेजारणीच्या कुरडयांवर बसली. ती आली भांडायला, आणि खाटेकडे एकदा बघून गेली ती धूळ अडवायला आपल्या जुन्या साड्या देऊन. त्या साड्यांचा गाडीभोवती आडोसा उभा राहिला. लाल, जांभळा, जरीचा. खाटेच्या बाजूने तेवढा उघडा. जणू लग्नाचा मांडवच.

रंगाच्या दिवशी मावशींनी आधी यजमानांच्या नाकातोंडावर ओलं फडकं बांधलं, मग स्वतःच्या. गन सुरू झाली. पहिला हात बसला तो संत्र्याच्या सालीसारखा खरखरीत. मावशी नुसत्या बघत राहिल्या. एवढ्यात मागून आवाज आला.

"पा... पातय."

मावशींनी गन थांबवली. खाटेशी जाऊन त्यांच्या तोंडावरचं फडकं काढलं. "काय म्हटलं तुमी?"

"पातय... कर."

रंग पातळ कर. इतके महिने ज्यांच्या घशातून नुसती घरघर ऐकू येत होती, त्यांचे हे पहिले दोन शब्द. मावशींनी थिनर ओतायला घेतलं, ते निम्मं जमिनीवर गेलं. "थिनर झोंबलं डोयाले," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या.

त्यानंतर मावशींचा हात बिघडला. कधी गन इतकी जवळ धरायच्या की रंगाला ओघळ सुटायचे. खाटेवरून आवाज यायचा, "लांब!" कधी भराभर फिरवायच्या. "हयू, हयू!" एकदा ते चिडून "येडी!" म्हणाले, तर मावशींनी ते गल्लीभर सांगितलं. कुणी पुरस्कार मिळाल्याचं सांगावं, तसं.

एका सकाळी पाहतो, तर आदल्या दिवशी छान बसलेलं दार त्या पुन्हा घासत होत्या.

"मावशी, हे तर झालं होतं. काऊन घासून राह्यल्या?"

त्यांनी खाटेकडे एक नजर टाकली आणि आवाज बारीक केला. "चांगलं बसलं का हे गप राह्यतात, भाऊ. चुकलं का बोलतात."

मी रिकामी बादली उचलली आणि पाणी भरून आणून दिली.

पण यजमानांना कळलं होतं. एका संध्याकाळी मी ओसरीवर बसलो असताना त्यांनी मावशींना हाताने जवळ बोलावलं. शब्द एकेक करून आले. "समजते... मले. बस कर. दमली तू."

मावशी पायरीवर बसल्या. "मंग चुकलं नाही तरी बोलसान ना?"

"हाव," ते म्हणाले.

आणि ते बोलले. थोडंथोडं, चाचरत. चहात साखर कमी आहे, लेक कधी येते, असलंच काहीबाही. गाडीचं शेवटचं एक दार तसंच प्रायमरवर राहून गेलं. घाई कुणालाच नव्हती. पोळ्याच्या आधी दुसरा झटका आला, आणि ते गेले.

आता त्या घराला कुलूप आहे. मावशी उंद्रीला लेकीकडे राहतात. गाडी वडनेर भोलजीच्या एका ड्रायव्हरने नेली. तो न्यायला येणार म्हणून मावशींनी ते राहिलेलं दार एका दुपारी रंगवलं. मी माझ्या फाटकातून पाहत होतो. त्यांनी गन नेहमीसारखीच फिरवली. रंग पहिल्याच हाताला आरशासारखा बसला. कुठे ओघळ नाही, खरखर नाही.

मावशींनी तोंडावरचं फडकं खाली ओढलं. मागे ओसरीकडे वळून पाहिलं नाही. मग दारावरच्या ओल्या रंगाकडे बघत, एखाद्या द्वाड पोराला रागवावं तशा म्हणाल्या,

"आजच काऊन बसला बे तू?"