एकही कण नाही

आमच्या गल्लीत त्यांना सगळे फुंकरराव म्हणतात. तोंडावर नव्हे, पाठीमागे. अकरा वर्षं हा माणूस एकच ध्यास घेऊन बसलाय: पाइपातून वायू किती वेगानं जातो ते मोजायचं. त्यापायी घराची मागची खोली अडवली, बायकोचं शिलाई मशीन व्हरांड्यात काढलं आणि माझं डोकं खाल्लं. म्हणून तर मला सगळं पाठ आहे. पाइपाच्या काचेतून लेसरचे दोन बारीक किरण आत सोडायचे, बोटभर अंतरावर. वायूबरोबर वाहणारा धुळीचा कण पहिल्या किरणात चमकतो, मग दुसऱ्यात. मधला वेळ मोजला की वेग कळला.

"घरातला पंखा दोन महिने बंद आहे," वहिनी सांगतात, "आणि हे वारा मोजतायत!"

अखेर एका कारखान्यानं चाचणीचा दिवस दिला. वहिनींनी तंबी दिली: यंत्र पास झालं तर ठीक, नाहीतर खोली रिकामी. पण फुंकरराव निर्धास्त होते, कारण मेव्हणा तिथेच फोरमन. मी आपला फुकटची गंमत बघायला सोबत गेलो.

तपासनीस बाई वही उघडून उभ्या. बटण दाबलं. शून्य. शेजारच्या जुन्या मीटरचा काटा थरथरतोय, पाइप सूं सूं करतोय, आणि ह्यांचं आपलं शून्य!

"काय केलंस रे?" फुंकरराव मेव्हण्यावर खेकसले.

"तुमची अब्रू राखली, भावोजी! कालच नवा फिल्टर बसवलाय. आत एक कण सापडला तर मिशी उतरवीन!"

"अरे गाढवा, कणच तर हवे होते मला!"

"आधी सांगायचंत ना! तपासणीला माणसं येणार म्हटल्यावर घाण कोण ठेवतं?"

"अकरा वर्षं दुसरं काय सांगतोय मी?"

"तुम्ही सांगायला लागलात की मी मान डोलावतो, भावोजी. ऐकत नाही."

"मूठभर धूळ टाकू का आत?" मी विचारलं. दोघांनीही मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं.

बाई मात्र शांतपणे म्हणाल्या, "पण वायू स्वच्छच असला, तर तुमचं यंत्र काय करणार?"

फुंकररावांनी बटण पुन्हा एकदा दाबून पाहिलं. इतक्या वर्षांत हे आम्हा कुणालाच सुचलं नव्हतं. बाईंनी नापासचा शिक्का मारला नाही. 'सुधारून आणा, मुदत सहा महिने' एवढंच लिहिलं.

घरी वहिनींनी सगळं ऐकलं आणि तरातरा जाऊन भावाला फोन लावला.

"जन्मात कधी हातात फडकं धरलं नाहीस मेल्या, नेमका कालच बरा मुहूर्त सापडला! गेली ना माझी खोली आणखी सहा महिने!"