जिना कुणाच्या नावावर?

चष्मेवाल्यांनी जन्मभर गावाला लांबचं नीट दाखवलं. स्वतःची दोन्ही मुलं मात्र लांबच राहिली. थोरला एका शहरात, धाकटी दुसऱ्यात. "येतो हो बाबा, सवड मिळाली की," असे फोन यायचे. सवड काही मिळत नव्हती. बायको गेल्यापासून दुकानावरच्या खोल्यांत चष्मेवाले आणि भिंतीवरचं घड्याळ, दोघंच. त्यातलं घड्याळ जास्त बोलायचं.

मग एकदा वकील म्हणाले, "हातपाय चालतायत तोवर मृत्युपत्र करून टाका. मागाहून पोरं भांडतात." चष्मेवाल्यांनी मुलांना नुसतं कळवलं मात्र, त्याच रविवारी दोघंही दारात हजर! खिडकीजवळच्या खुर्चीवरून लहानपणीसारखी तंडलीसुद्धा. चष्मेवाले चहा गाळता गाळता ऐकत राहिले. चहा कपाबाहेर गेला.

मृत्युपत्र झालं की हे येणंही संपलं, हे त्यांच्या लगेच ध्यानात आलं. मग काय, मसुदा तयार झाला रे झाला, की यांना त्यात खोट सापडायची. दुकान मुलीला, वरच्या खोल्या मुलाला, सगळं मान्य. पण जिना कुणाचा? पुन्हा रविवार. गच्ची कुणाची? आणखी एक रविवार.

"गच्चीवरच्या कबुतरांचंही लिहू का?" वकिलांनी कपाळाला हात लावला.

"लिहा की. पण आधी मुलांना विचारायला हवं."

असं छान चाललं होतं. पण एका रविवारी चष्मेवाल्यांनी घसा खाकरला. "ते जिन्याचं काय करायचं?"

"बाबा," धाकटी म्हणाली, "जिना मागेच झाला. दोघांचा ठरलाय."

चष्मेवाले हातातली काच पुसायला लागले. काच स्वच्छच होती. धाकटी त्यांच्याकडं बघत राहिली, मग खुर्ची जवळ ओढून बसली.

"सही करून टाका ना. आम्ही नाही भांडणार."

"तीच तर भीती आहे," ते म्हणाले. "भांडायचंच नसेल, तर याल कशाला?"

संध्याकाळी वकील आणि शेजारचा शिंपी यांच्यासमोर त्यांनी सही केली.

निघताना थोरल्यानं खाली दुकानात चष्मा पुढं केला. "बघा जरा, काडी पुन्हा हलतेय."

गेल्या खेपेलाही हलत होती, त्याआधीही. चष्मेवाल्यांनी बारीक पेचकस घेतला, स्क्रू पिळला आणि नेहमीसारखा शेवटचा अर्धा फेरा राखून ठेवला. मग थबकले. सही तर झाली, आता कशाला ही लबाडी? त्यांनी पेचकस पुन्हा टेकवला.

थोरल्यानं त्यांचा हात धरला.

"राहू द्या, बाबा. आमच्या कोपऱ्यावर पण एक दुकान आहे. पण तो मेला घट्टच बसवून देतो."