फुगडीचा व्हिडिओ आणि माझी बोटं

मंडळी, उच्च माध्यमिक शाळेत पंखा फक्त शिक्षकांच्या डोक्यावर फिरतो. पाहुण्यांनी घामाने निथळावं, हा घोर अन्याय मी आज सकाळी पेडण्यात सोसला.

माझी भाची गौरी तिथे फिजिक्स शिकवते. वर्तुळाकार गती समजावायला तिने आमच्या गणेशचवथीच्या फुगडीचा व्हिडिओ लावला. फुगडीत मी आणि शेजारीण शेवंती. तिने हात सोडला म्हणून मी आपटले, असं मी अख्ख्या वाडीला सांगितलं होतं. तेव्हापासून शेवंतीशी बोलणंही बंद.

गौरी एकेक फ्रेम पुढे सरकवत होती. "हात सुटला की माणूस स्पर्शरेषेवरून सरळ जातो."

एक मुलगी उठली. "मॅडम, निळ्या साडयेन हात आदी सोडल्यान!"

निळी साडी माझी.

"तुका ठावक होतां?" वर्गाबाहेर मी गौरीला धरलं.

"म्हणून तर बोलावलं, मावशी. नुसतं सांगून तू ऐकली असतीस?"

सख्खी भाची, आणि तीही भर वर्गात! तुमच्याही घरात असे फितूर आहेत का हो?

येताना शेवंतीच्या दारात थांबले. "बोटां माझीच सुटलेली गो."

तिने दार पुरतं उघडलं. "आता वाडयेत कोण सांगतलो?"

म्हणून ही पोस्ट.