अप्पांनी न दिलेली हाक

मन्मथअप्पांना पंच्याहत्तर वर्षं झाली. पालमच्या व्यापाऱ्यांनी त्यांच्यावर पुस्तक काढायचं ठरवलं आणि माझ्यासारख्या चौथी शिकलेल्या म्हातारीलाही लिहायला सांगितलं. गोड लिहिणारे पुष्कळ आहेत. मी झालं ते लिहिते.

अप्पांची माझी ओळख भांडणानं झाली. त्यांच्या दुकानातल्या साडीचा रंग गेला म्हणून मी भर बाजारात तोंड सोडलं होतं. अप्पांनी बादली मागवली, गिऱ्हाइकांसमोर साडी बुडवली. पाणी लाल झालं. "बाई खरं बोलायल्यात," म्हणाले, आणि तो सगळा गठ्ठा विक्रीतून काढला. पुढं साड्यांना फॉल लावायचं काम त्यांनी मलाच दिलं. ते आजही माझ्याकडंच आहे.

अप्पांची एक रीत मी तिथं बसूनच पाहिली. सवाष्ण गेली की शेवटची हिरवी साडी माहेरची लागते. ती न्यायला आलेला माणूस कशाला हवी ते सांगत नाही, घडीही उघडत नाही. अप्पा तोंडाकडं बघून ओळखत. साडी कागदात गुंडाळून देत, आणि एरवी प्रत्येकाला म्हणायचे ते "पुन्हा या" तेवढं गिळत.

सूनबाई शैला हुशार. तिनं दुकान त्या सोशल मीडियावर नेलं. पुण्याला कामाला गेलेल्या पोरी तिथूनच साड्या निवडायला लागल्या. घराबाहेर न पडणाऱ्या बायकांनाही दुकान दिसलं. त्यात वाईट काही नाही. मग तिनं अप्पांचा आवाज भरून घेतला. त्या आवाजातून यंत्र हवी ती वाक्यं जुळवायचं आणि गिऱ्हाइकाचं नाव घेऊन आपोआप धाडायचं. अप्पा गादीवर गप्प बसलेले असत आणि गावोगाव बोलत असत.

पेडगावच्या बालाजीची थोरली बहीण पालमला दिलेली. ती अचानक वारली. त्यानं वाटेतूनच मोबाइलवर हिरवी साडी सांगितली. कशाला ते लिहिलं नाही, कुणीच लिहीत नाही. अप्पा पूजेला बसले होते. शैलानं पिशवी तयार ठेवली, त्यानं गाडीतूनच हात बाहेर काढून घेतली. त्याचं तोंड कुणी पाहिलंच नाही.

दिवसकार्य उरकलं आणि त्याच्या फोनवर अप्पा बोलले, "बालाजीभाऊ, साडी आवडली ना? तसलीच दुसरी ठेवलीय. पुन्हा या."

धाकटी बहीण मीरा तेव्हा बाळंतपणाला माहेरी आलेली. तिनं ते ऐकलं आणि अन्न सोडलं. ती दुसरी साडी आपलीच, हे तिनं मनात धरलं.

कळलं तसे अप्पा परभणीला एस.टी. बदलून पेडगावला गेले. बायकांत बोलायला मला बरोबर घेतलं. अंगणात कुणी पाणीही विचारलं नाही. बालाजी एवढंच म्हणाला, "आवाज तुमचाच होता की." अप्पा उत्तर देणार तोच ओसरीवरचा फोन वाजला, कुणीसा उचलला, आणि त्यातून तोच आवाज बोलायला लागला. "भाऊ, हिरव्यात नवा माल आलाय. कधी येताय?" मी शेजारीच उभी होते, अप्पांचे ओठ मिटलेले होते. फोनातल्या आवाजात हसू होतं.

मीरा दारात आली. "कुणासाठी ठेवलीय, अप्पा?"

यंत्राचं सांगून तिला पटलं नसतं. त्या घडीला मलाही पटत नव्हतं. अप्पांनी पोरीपुढं हात जोडले. "माझ्या दुकानात तुमच्यासाठी कायबी ठेवलेलं न्हाई. ह्या घरानं माझी पायरी पुन्हा चढू नये. येऊ नका, माय."

नुसतं बघून जाणाऱ्यालाही पाणी पाजणारे अप्पा हे बोलले. मीराच्या आईनं भाकरी वाढून आणली, मीरानं आमच्यादेखत खाल्ली. पुढं ती सुखरूप बाळंत झाली. ते घर आजतागायत दुकानात आलेलं नाही, आणि रस्त्यात भेटले तरी अप्पा त्यांना या म्हणत नाहीत.

शैलानं तो आवाज बंद केला. पण लोकांनी एकमेकांना धाडलेलं परत येत नाही. परवाच लांबच्या गावची एक अनोळखी बाई आली. तुमी बोलावलंत म्हणून आले, म्हणाली. अप्पांनी तिला जन्मात पाहिलेलं नव्हतं. "मी बोलावलं न्हाई, पण बसा," म्हणाले.

तो आवाज म्हातारा होणार नाही, त्याला दमही लागणार नाही. म्हणून अप्पांनी लय वर्षं धडधाकट राहावं. त्या हाकेवर कुणी दारात येऊन उभं राहिलं, तर बसा म्हणायला आत माणूस पाहिजे.