वडगावचा गुलाबी बगळा

बासष्ट-त्रेसष्ट साल. कॉलेजात प्राणिशास्त्राचा हंगामी डेमॉन्स्ट्रेटर होतो. वडगाव रासाईच्या एका विद्यार्थ्यानं पत्र लिहिलं, 'सर, आमच्याकडे गुलाबी बगळे दिसतात.' झालं! विभागप्रमुखांना सांगून बसलो की सोमवारी नमुना आणतो. मनात हिशेब पक्का, या शोधावर नोकरी कायम.

पॅसेंजर दौंडला दोन तास उशिरा. तिथून एस.टी. मिळाली ती नदीच्या अलीकडेच बंद पडली. पुढं वैशाखाच्या उन्हात तंगडतोड, मग होडी. तुम्ही जाणार असाल तर पाणी आणि टोपी न्या; मी दोन्ही विसरलो होतो.

पण बगळे होते! गायबगळा विणीच्या दिवसांत पिवळसर होतो, एवढं मलाही कळत होतं. हे चक्क गुलाबी. फक्त पोट आणि शेपटी रंगलेली, पाठ पांढरीफेक. तिथंच शंका यायला हवी होती, पण माझी अक्कल गहाण पडली होती. काठावर एक पीस सापडलं, ते मी वहीत जपून ठेवलं.

विद्यार्थ्याचे आजोबा, आबा, यांनी भाकरी-पिठलं वाढलं आणि तासभर एकच रडगाणं लावलं: महिन्यापूर्वी नातीच्या लग्नात शिरूरच्या रंगाऱ्यानं रंगवलेले फेटे पहिल्याच धुण्यात पांढरे पडले. गावानं ठरवलंय, आता त्याला काम द्यायचं नाही. मी बगळ्यांबद्दल विचारावं, तर त्यांनी पुन्हा फेटेच काढावेत. वैतागून उठलो.

परतताना न्हावऱ्यावरून शिरूर गाठलं. पुण्याची गाडी दीड तासानं. स्टँडजवळच्या चहावाल्याकडे बसून पीस न्याहाळत होतो, तर शेजारचे एक म्हातारे वाकून बघायला लागले. तेच ते रंगारी, गफूरमामा.

"ह्यो माझा रंग हाय," ते म्हणाले.

मी फटकारलं, पक्ष्याचं पीस आहे म्हणून. ते शांतपणे सांगत गेले. लग्नाआधी ते फेटे रंगवायला वडगावच्या नदीकाठी त्यांनी भट्टी लावली होती. उरलेला रंग खड्ड्यात ओतला, बगळे त्याच चिखलात बेडकं टिपत बसायचे. सोमवार डोळ्यांपुढं नाचायला लागला.

मामा मात्र पीस चहाच्या गरम पाण्यात बुडवून बघत होते. रंग तसूभर हलला नाही. त्यांचे डोळे भरून आले.

"सायेब, महिनाभर नदीत भिजूनबी टिकला. फेटे त्यांनी सोड्यात उकळले असतील. हे पीस मला द्या. आबांना दावतो."

द्यायला जीव होईना. तरी दिलं. मी नोकरीत कायम व्हायला निघालो होतो, आणि झालं काय, तर एका रंगाऱ्याची साक्ष!

मामांनी हट्टानं माझा पांढरा रुमाल घरी नेऊन रंगवून दिला. ओलाच घेऊन गाडीत बसलो. सोमवारी प्रमुख पोट धरून हसले, आणि कायम व्हायला आणखी तीन वर्षं गेली.

रुमाल अजून कपाटात आहे. रागानं मीही एकदा सोड्यात उकळला होता. पांढराफटक पडला. मामांचं बरोबर होतं, हे त्यांना कळवायचं मात्र राहूनच गेलं.