आत्याच्या कोंबड्या, नेत्यांचं पत्रक

धारूरच्या बाजारात पहिला कम्प्युटर आला तेव्हा बघ्यांची एवढी गर्दी झाली की किल्ला ओस पडला. किल्ल्यात तसंही कुणी राहत नव्हतं, पण तिथली वटवाघळं तरी कम्प्युटर बघायला आली होती, हे मी शपथेवर सांगतो. कम्प्युटर माझ्या मित्राचा. लग्नपत्रिका, पत्रकं टाइप करून द्यायचा त्याचा धंदा.

माझं त्याच्याकडचं काम मात्र जगावेगळं होतं. माझी आत्या शाळेत कधी गेली नाही. शाळेच्या भिंतीमागं शेळ्या राखता राखता, आतला धडा ऐकून तिनं स्वतःचीच लिपी केली होती. क म्हणजे कोंबडी, व म्हणजे विळा, च म्हणजे चूल. या लिपीत तिनं एक वही भरलेली. तीत शेळ्यांची वंशावळ आणि सासरच्यांचे गुन्हे आहेत, एवढं सांगायची. वाचून कुणाला दाखवायची नाही. आता तिला काचबिंदू झालेला. बीडचे डॉक्टर म्हणाले, राहिलेली नजर फार टिकणार नाही. वहीतली पुसट पेन्सिल तर दिसेनाशीच झालेली.

"एकदा सगळं वाचून घेऊ दे रे. मग गेली नजर तर जाऊ दे."

मित्र म्हणाला, "सोपं हाय बे. कम्प्युटरला अक्षर कळतच न्हाई, नुसता नंबर कळतो. त्या नंबरापुढं क काढायचा का कोंबडी, ते आपल्या हातात."

तो माउसनं एकेक अक्षर काढू लागला. आत्या शेजारी स्टुलावर, नाक काचेला टेकवून. "विळ्याला धार कुठं हाय? असल्या विळ्यानं लोणीबी कापायचं न्हाई!" पोरगा वाळून चिपाड झाला.

शेवटची चूल मनासारखी जमली, आणि आनंदाच्या भरात त्यानं सगळी अक्षरं सेव्ह केली ती नेमकी रोजच्या मराठी अक्षरांच्या जागी. त्याच कम्प्युटरात एका नेत्यांच्या मेळाव्याचं पत्रक टाइप होऊन पडलेलं. नंबर तेच, पण प्रत्येकापुढं आता आत्याचं चित्र. मित्रानं न बघता प्रिंट काढली, छापखान्यानं न बघता छापली, कार्यकर्त्यांनी न बघता पार धर्मापुरीपर्यंत वाटली.

दुसऱ्या दिवशी मी आणि आत्या दुकानात बसलेलो, तोवर नेते हजर. "आमच्या नावात कोंबड्या कावून बे?"

"आत्ताच्या आत्ता पुसतो, साहेब!" मित्रानं जुन्या अक्षरांची फ्लॉपी उचलली. ती चढली की आत्याची अक्षरं गेली. त्यांची दुसरी प्रत नव्हती, आणि पुन्हा काढून होईतो नजर थांबणार नव्हती.

मी तोंड उघडायच्या आत आत्यानं पत्रक उचललं, डोळ्याला भिडवलं आणि घडाघडा वाचायला लागली. शेतकऱ्यांचे कैवारी, गोरगरिबांचे आधार, सगळ्या पदव्यांसकट, खालच्या निमंत्रकांच्या यादीपर्यंत.

नेते म्हणाले, "आत्याबाई, अख्ख्या तालुक्यात आमचं पत्रक तुमी एकट्याच वाचणार की!"

"एकटी हाय, पण शेवटपर्यंत वाचलं. मराठीत असतं तर तेवढं तरी कोण वाचलं असतं, सांगा बरं?"

नेते एवढे हसले की दुकानावरचे पत्रे वीतभर उचलले गेले. "थांब बे," ते मित्राला म्हणाले, "आधी ह्यांच्या कोंबड्या नीट ठेव. आमचं मग बघ."

मित्रानं आत्याची अक्षरं वेगळ्या फ्लॉपीवर घेतली, मग मराठी जागेवर बसवली. कीबोर्डवर चित्रांच्या चिठ्ठ्या चिकटवून, चित्राला चित्र जुळवत वही त्यानंच टाइप केली. "मला एक शब्द कळला न्हाई," असं तो आजही म्हणतो. फक्त आत्याच्या सासरचं कुणी दुकानात आलं की खुर्ची देत नाही.

त्याचे उपकार माझ्याच्यानं फिटायचे नाहीत. नेत्यांचेही नाहीत, मत मात्र मी दुसऱ्यालाच दिलं.

बोराएवढ्या अक्षरांत छापून निघालेलं वहीचं ते बाड आत्यानं दारातल्या उन्हात बसून दोनदा वाचलं. मी वाकून बघितलं की पदरानं झाकायची आणि एकटीच हसायची. तिसऱ्या आठवड्यात बाड माझ्या हातात दिलं.

"झालं वाचून. आता जा म्हणावं नजरेला."